सव्वा महिन्यानंतरची विचारपूस

प्रिय पालक, सन्माननीय विश्वस्त आणि विद्यार्थी मित्रहो,



या पानावर आम्ही एरवी निकाल, शिस्त, वक्तशीरपणा आणि मराठी वाचन यांविषयी लिहितो. या अंकातला विषय निराळा आहे. शाळेच्या पत्रिकेत तो शोभत नाही असे काहींना वाटेल. तरीही कृपया शेवटपर्यंत वाचावे, कारण यात आमच्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुली आहे, आणि तशीच चूक अनेक घरांत रोज होत असावी असे आम्हांस वाटते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. प्राथमिक विभागातील एक शिक्षिका बाळंतपणाची रजा संपवून फेब्रुवारीत कामावर रुजू झाल्या. त्यांच्या संमतीने लिहीत आहोत; नाव अर्थातच देत नाही. रजेपूर्वी त्या प्रार्थनेच्या घंटेआधी पंधरा मिनिटे हजर असत. परत आल्या त्या जणू दुसऱ्याच कोणी बाई. यायला उशीर, हजेरीपटावर खाडाखोड, गुणांच्या बेरजा चुकलेल्या. वर्गात उभ्या राहून शिकवणाऱ्या बाई आता खुर्चीतून उठत नव्हत्या. कुकटपल्लीत मार्चमध्ये पंखे लागतात, तेव्हाही त्यांच्या अंगात स्वेटर. दोन पालकांनी तक्रार केली. आम्ही त्यांना कार्यालयात बोलावले.

"बाई, घरी तान्हे बाळ आहे हे आम्ही जाणतो. पण वर्गात चाळीस मुले आहेत," असे आम्ही म्हणालो.

त्या म्हणाल्या, "मोठ्या बाई, मला काय होतंय तेच कळत नाही. रात्री बाळ झोपलं तरी सकाळी उठताना वाटतं, मी झोपलेच नाही."

हे आम्ही ऐकले, आणि तरीही दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाती लेखी समज दिली.

घरीही तेच चालले होते. सासूबाई म्हणत, "आम्ही नाही का बाळंतपणं केली?" यजमान म्हणत, टॉनिक घे. केस मूठमूठ गळू लागले म्हणून शेजारणीने केसांच्या गोळ्या सुचवल्या. असे तीन महिने गेले. मे महिन्यात त्या बाळाला नवव्या महिन्याची लस टोचायला घेऊन गेल्या. बाळाला तपासून झाल्यावर डॉक्टरबाईंनी मान वर करून विचारले, "बाळ छान आहे. आई कशी आहे?" त्या तिथेच रडू लागल्या. रक्त तपासले, तेव्हा थायरॉइड ग्रंथी जवळजवळ काम करीत नसल्याचे निघाले. रोज सकाळी एक छोटी गोळी सुरू झाली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा थोडा फरक होता, आणि ऑगस्टमध्ये झेंडावंदनाची तयारी पुन्हा त्याच करीत होत्या. आम्ही ते समजपत्र परत घेतले आणि त्यांची क्षमा मागितली. आजही त्या खोलीतील संभाषण आठवले की आम्हांस संकोच वाटतो.

आमचे शिक्षण पदवीपर्यंत जबलपूरला हिंदी माध्यमात झाले. तिकडे 'जच्चा-बच्चा' असा जोडशब्द आहे. त्यात आई आधी आणि मूल नंतर. जच्चेला हरीरा, सोंठीचे लाडू, मालिश. आपल्याकडे डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी, कानाला रुमाल. पद्धती वेगळ्या, भाव एकच, की या बाईला जपायचे. हे सगळे सव्वा महिना चालते. फार तर तीन महिने माहेरी. मग पाहुणे जातात, मालिशवाली बंद होते आणि आई कामाला लागते. नोकरी करणाऱ्या बाईला २०१७ च्या कायदादुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली, ही फार मोठी गोष्ट आहे. पण तीही सहा महिन्यांनी संपते.

आता या आजाराचे वेळापत्रक पाहावे. बाळंतपणानंतर थायरॉइडला सूज येण्याचा जो प्रकार आहे, त्याचा पहिला टप्पा साधारण पहिल्या ते चौथ्या महिन्यात येतो. ग्रंथीत साठवलेले संप्रेरक एकदम बाहेर पडते. छाती धडधडते, घाम येतो, हात कापतात, चिडचिड होते, वजन झपाट्याने उतरते. पुष्कळ बायकांना हा टप्पा कळतही नाही, कारण जागरणाने कोणाचीही चिडचिड होतेच. दुसरा टप्पा साधारण चौथ्या ते आठव्या महिन्यात, कधी त्याहून उशिरा येतो. साठा संपलेला असतो आणि ग्रंथी नवे संप्रेरक पुरेसे बनवीत नाही. मग थकवा, थंडी वाजणे, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, विसरभोळेपणा, उदासपणा सुरू होतो. म्हणजे आपली काळजी जिथे संपते, नेमका तिथून हा आजार सुरू होतो. सव्वा महिना झाला, माहेरपण संपले, रजा संपली, आणि आजार ऐन भरात आला. आमच्या शिक्षिका ज्या आठवड्यात रुजू झाल्या, त्याच काळात त्यांच्या शरीराचे इंधन संपत होते. या पानावर आम्हांस सांगावयाचे आहे ते एवढेच. बाळंतिणीची विचारपूस आणखी वर्षभर चालली पाहिजे.

हे का होते, हे विद्यार्थ्यांसाठी थोडे सोपे करून सांगतो. गळ्याच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. शरीराने किती वेगाने काम करावे हे तिच्या संप्रेरकावर ठरते. गरोदरपणात शरीराची रोगप्रतिकारशक्ती थोडी नमते घेते, कारण पोटातील बाळ तिच्या दृष्टीने निम्मे परके असते. बाळंतपणानंतर ती पुन्हा जोमाने उसळते आणि काही जणींच्या बाबतीत स्वतःच्याच थायरॉइडवर चालून जाते. तपासणीत टीएसएच नावाचा आकडा पाहतात. शाळेतले उदाहरण घ्यावे. मेंदूखालची पीयूष ग्रंथी ही मुख्याध्यापिका आणि थायरॉइड हा वर्ग. वर्गात काम होईना की मुख्याध्यापिकेचा आवाज चढतो. टीएसएच म्हणजे तो चढलेला आवाज. आकडा फार वाढला असेल तर समजावे की थायरॉइड थकली आहे. आम्ही मात्र नुसता आवाज चढवला, वर्ग का थकला हे विचारले नाही.

हा आजार विरळा नाही. बाळंतपण झालेल्या शंभर स्त्रियांपैकी साधारण पाच जणींना तो होतो असे मानले जाते. निरनिराळ्या देशांतील आकडे याच्या कमीजास्त आहेत. ज्यांना लहानपणापासून इन्सुलिनवर चालणारा मधुमेह आहे, ज्यांच्या आई-बहिणींना थायरॉइडचा त्रास आहे, किंवा ज्यांना मागच्या बाळंतपणानंतर असेच झाले होते, त्यांना धोका अधिक. आणि आपल्या शहराला हा विषय परका नाही. २०१३ साली भारतातील आठ शहरांतील प्रौढांची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांत हैदराबाद होते, मुंबई आणि गोवाही होते. तपासलेल्यांपैकी सुमारे ११ टक्के लोकांची थायरॉइड मंद निघाली, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांचे प्रमाण तिपटीच्या आसपास होते.

"आमच्या वेळी कुठे होता हा थायरॉइड?" असे ज्येष्ठ भगिनी विचारतात. आजार होता, नाव नव्हते. गळ्याच्या गाठीला आपल्याकडे 'गलगंड' म्हणतात आणि त्याचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे. बाळंतिणीच्या या थकव्याची नोंद मात्र बरीच अलीकडची. १९४८ साली न्यूझीलंडमधील रॉबर्टन नावाच्या एका साध्या डॉक्टरने लिहिले की, बाळंतपणानंतर सतत थकलेल्या, थंडी वाजणाऱ्या, केस गळणाऱ्या त्याच्या काही रुग्णांना थायरॉइडच्या अर्काने बरे वाटले. तो कोणी मोठा संशोधक नव्हता. बायका काय सांगतात ते त्याने ऐकून घेतले होते. पुढे जपानमधील अमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात या आजाराचा नीट अभ्यास केला. आपल्या आज्यांपैकी कितीजणी 'आळशी', 'चिडखोर', 'बाळंतपण बाधलेली' म्हणून आयुष्यभर बोलणी खात राहिल्या असतील, देव जाणे.

आनंदीबाई जोशी यांचे चित्र आपल्या शाळेच्या व्हरांड्यात आहे. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. १८८३ साली अमेरिकेस निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या भाषणात त्यांनी सांगितले की, या देशाला स्त्री डॉक्टरांची गरज आहे. १८८६ साली पदवी घेताना त्यांनी प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्रच घेतला. आज कुकटपल्लीत दर चौकात स्त्रियांचा दवाखाना आहे आणि डॉक्टरही बहुधा बाईच आहे. तरी आपल्या लेकीसुना तिथे बाळाची फाइल घेऊन जातात, स्वतःविषयी बोलत नाहीत. दवाखाने वाढले, पण आपला संकोच तिथेच राहिला.

दुसरा आक्षेप वडील मंडळी घेतात, आणि तो आम्हांस अर्धा पटतो. ते म्हणतात, हा सगळा तपासण्यांचा धंदा आहे. खरे आहे, की प्रत्येक बाळंतिणीने सत्तर तपासण्यांचे पॅकेज घेण्याचे काही कारण नाही. तक्रार नसलेल्या प्रत्येक बाईने थायरॉइड तपासावी असेही तज्ज्ञ सरसकट म्हणत नाहीत. पण तक्रार असेल तर टीएसएच आणि डॉक्टरांनी सांगितल्यास टी-४, एवढ्या रक्ततपासणीने पुष्कळ उलगडा होतो. तेलंगणा सरकारने २०१८ साली तेलंगणा डायग्नॉस्टिक्स ही मोफत तपासणीची योजना सुरू केली, तिच्यात थायरॉइडची तपासणी आहे. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात त्याची चौकशी करावी. ऐपत नाही म्हणून कोणी गप्प बसू नये.

आणखी एक गोष्ट तितकीच महत्त्वाची. सगळेच थायरॉइडवर ढकलू नये. थकवा रक्त कमी असल्यानेही येतो, बाळंतपणात रक्त पुष्कळ गेले असेल तर येतोच. बाळंतपणानंतरचे नैराश्य हाही एक खरा आजार आहे. तो थायरॉइड ठीक असतानाही होतो आणि त्यावर उपचार आहेत. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे 'बघ, तुला काहीच झालेले नाही' असे म्हणण्याचा परवाना कोणाला मिळत नाही. रिपोर्ट नॉर्मल असूनही बाई रडत असेल तर प्रश्न सुटलेला नाही, पुढचा प्रश्न विचारायचा आहे. जिवाचे बरेवाईट करण्याचे किंवा बाळाला इजा करण्याचे विचार मनात येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, बाईला एकटे सोडू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे; तिचा क्रमांक १४४१६.

डॉक्टरांकडे जाताना उत्तर हवे असेल तर माहिती बरोबर नेली पाहिजे. बाळंतपणाची तारीख, तक्रार कोणत्या महिन्यात सुरू झाली, गरोदरपणीचे थायरॉइडचे रिपोर्ट, घरात कोणाला हा त्रास आहे का, आणि चालू असलेली सगळी औषधे एका कागदावर लिहावी. केसांच्या गोळ्याही त्यात आल्या. त्यांत पुष्कळदा बायोटिन असते आणि त्याच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडचा रिपोर्टच चुकीचा येऊ शकतो. आमच्या शिक्षिकेने त्या गोळ्या घेतल्याचे आधी सांगितले, म्हणून डॉक्टरांनी त्या थांबवून मगच रक्त घेतले.

आजार पहिल्या टप्प्यात असताना संप्रेरक वाढलेले दिसते, तेव्हा डॉक्टर लगेच ते दाबणारी औषधे देतीलच असे नाही. ग्रंथी जास्त बनवीत नसते, साठा सांडत असतो. मात्र अशीच लक्षणे दुसऱ्या एका थायरॉइड विकारातही दिसतात आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. म्हणून एका रिपोर्टवरून घरी निष्कर्ष काढू नये. काही आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगितले तर जावे.

गोळी सुरू झाली तर तिचा नियम साधा आहे, पण तो पाळला जात नाही. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-नाश्त्याआधी अर्धा ते एक तास जाऊ द्यावा. बाळंतिणीला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतातच. त्या थायरॉइडच्या गोळीबरोबर घेतल्या तर ती अंगी लागत नाही, मध्ये चार तासांचे अंतर हवे. अंगावर पाजणाऱ्या आईने ही गोळी डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत घेतल्यास बाळाला बाधत नाही. 'दुधातून औषध जाईल' म्हणून घरच्यांनी ती बंद करायला लावू नये. बहुतेक जणींची थायरॉइड वर्षभरात पुन्हा चालू लागते आणि गोळी बंदही होते, पण ती डॉक्टरांनी बंद करावी. काहींना ती आयुष्यभर लागते. ज्या बऱ्या होतात त्यांनीही पुढे वर्षाकाठी एकदा तपासणी करावी आणि पुढच्या गरोदरपणी डॉक्टरांना आधीच सांगावे. ज्यांना गरोदर होण्यापूर्वीपासूनच गोळी चालू आहे, त्यांची मात्रा गरोदरपणात वाढवलेली असते. ती बाळंतपणानंतर पुन्हा बदलावी लागते, आणि साधारण सहा आठवड्यांनी रक्त तपासतात. वजन उतरवण्यासाठी शेजारणीची गोळी तर कोणीच घेऊ नये.

मिठाविषयी दोन शब्द. थायरॉइडला आपले संप्रेरक बनवायला आयोडीन लागते. १९६२ साली आपल्या देशात राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि मे २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यास देशभर बंदी आली. आपल्या तारनाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने लोह आणि आयोडीन दोन्ही असलेल्या मिठावर काम केले आहे. हल्ली काही घरांत रोजच्या स्वयंपाकात फक्त सैंधव वापरण्याची टूम निघाली आहे, त्यात पुरेसे आयोडीन असेलच असे नाही. उपासाला सैंधव जरूर घ्यावे, रोजच्या भाजी-आमटीत आयोडीनचे मीठ असावे. मात्र बाळंतपणानंतरची ही सूज आयोडीनच्या कमतरतेने येत नाही, आणि जास्त आयोडीन खाल्ल्याने ती बरीही होत नाही, हा भेद ध्यानात ठेवावा.

विद्यार्थी मित्रहो, थायरॉइड तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात दोन गुणांचा प्रश्न म्हणून येते. यंदा तो प्रश्न घरी न्या. मिठाच्या पाकिटावर काय लिहिले आहे ते वाचा. घरात लहान भाऊ-बहीण किंवा भाचरू आले असेल तर सगळे त्याच्याकडे धावत असताना तुम्ही आईला, मावशीला, वहिनीला विचारा, "तू कशी आहेस?" मुलग्यांनीही विचारावे. हा बायकांचा विषय नाही, घराचा आहे.

पालकांना एक सोपी खूण सांगतो. बाळाच्या लसींच्या तारखा सहा, दहा, चौदा आठवडे आणि नववा महिना या तुम्ही चुकवत नाही, याचे कौतुक आहे. त्याच दिवशी, त्याच दवाखान्यात, आईविषयीही एक प्रश्न विचारावा. वेगळी खेप नको, वेगळा दिवस नको. आजार ज्या काळात येतो त्याच्या दोन्ही टोकांना या तारखा येतात. आणि सासूबाईंनी सुनेला स्वतः घेऊन जावे. त्यांनी एकदा "चल, तुझंही दाखवून घेऊ" म्हटले तर कोणाला लपवावे लागणार नाही.

विश्वस्तांकडे आमच्या तीन मागण्या आहेत. रजेवरून परतणाऱ्या शिक्षिका आणि सेविका यांना पहिले तीन महिने हलके वेळापत्रक द्यावे. तपासणीसाठी अर्ध्या दिवसाची रजा पगार न कापता द्यावी. आणि या काळात कोणाच्याही कामाविषयी लेखी समज देण्यापूर्वी मुख्याध्यापिकेने त्यांच्या प्रकृतीची चौकशी करावी, असा नियम कागदावर यावा. तिसरी मागणी आमच्याच हाताला लगाम घालणारी आहे, आणि म्हणूनच ती आधी मंजूर व्हावी अशी इच्छा आहे. खर्च फार नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे आजोबा-वडील बालानगरच्या कारखान्यांत नोकरीसाठी मराठवाड्यातून इकडे आले, तेव्हा एकमेकांच्या बाळंतपणाला शेजारणीच धावल्या असे आम्ही ऐकले आहे. ते शेजारपण आता नियमात लिहून ठेवावे लागत आहे, एवढाच फरक.

हे पान डॉक्टरांची जागा घेऊ शकत नाही, घेऊही नये. पुढच्या पालकसभेस एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांना बोलावण्याचा विचार आहे. प्रश्न मराठीत, तेलुगूत किंवा हिंदीत, चिठ्ठीवर नाव न लिहिताही विचारता येतील. यजमानांनी आणि आजी-आजोबांनी अवश्य यावे. त्या सभेत पहिली ओळख करून द्यायला आमच्या त्याच शिक्षिका उभ्या राहणार आहेत. तसे त्यांनी आपणहून कळवले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मुख्याध्यापिका